चार्ल्स बियान्कोनी आणि क्लॉन्मेल नगर

आयर्लंडच्या दक्षिण भागांत शुअर नदीच्या कांठीं क्लॉन्मेल नांवाचें गांव आहे. टिपररी परगण्याचें हें मुख्य ठाणें. १६५० सालीं क्रॉमवेलच्या सैन्यानें वेढा घातला असतां ह्या गांवानें तटाआडून असा निकराचा सामना दिला कीं, क्रॉमवेलची अतोनात हानि झाली. अशा ह्या कणखर गांवानें पुढें एका परदेशीय फेरीवाल्यास आपला नगराध्यक्ष केलें. त्या पुरुषाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

कार्लो ऊर्फ चार्ल्स बियान्कोनी ह्यांचा जन्म १७८६ सालीं इटलींतील लोंबार्डी प्रांतांत झाला. १८०२ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, ते एका चित्रविक्रेत्याबरोबर आयर्लंडांत आले. भाषा परकी, ओळख कोणाची नाहीं. चित्रांची जड पेटी पाठीवर घेऊन त्यांस कोसचे कोस पायीं हिंडावें लागे. श्रीमंतांस गाडीघोडे होते. गरिबांस पायांवांचून दुसरें वाहन नव्हतें. ही गोष्ट त्यांच्या मनांत खोल रुजली. पुढें क्लॉन्मेल येथें त्यांचें दुकान चांगलें चालूं लागलें, तरी वाटसरूंचे हाल ते विसरले नाहींत.

१८१५ सालीं वॉटर्लूच्या लढाईनंतर शांतता झाली आणि लष्करास लागणारे घोडे स्वस्त झाले. ही संधि साधून त्यांनीं ६ जुलै १८१५ रोजीं क्लॉन्मेलहून केहरपर्यंत एका घोड्याची उतारूंची गाडी सुरू केली. भाडें अल्प, सुटण्याची वेळ ठरलेली. आरंभीं उतारू थोडे मिळत. पण त्यांनीं धीर सोडला नाहीं. १८४३ सालापर्यंत त्यांच्या पदरीं शंभर गाड्या व सुमारें १,३०० घोडे झाले. टपालाच्या गाड्या वगळतां बहुतेक गाड्या रविवारीं बंद असत. विसावा मिळालेलें जनावर अधिक काम देतें, असें त्यांचें मत होतें.

आगगाड्या आल्या तेव्हां ते कुरकुरत बसले नाहींत. त्यांनीं आगगाडीच्या कंपन्यांचे भाग घेतले, आणि आपल्या गाड्या स्टेशनांपासून आंतल्या खेड्यांकडे वळविल्या.

१८४४ सालीं क्लॉन्मेलच्या लोकांनीं त्यांस नगराध्यक्षपद दिलें व पुढील वर्षीं तोच मान पुन्हां दिला. १८७५ सालीं त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रहो, आपण सोसलेलें ओझें दुसऱ्याच्या पाठीवरून उतरविणें हीच खरी भूतदया होय. आणि पालकांसही आमची विनंति कीं, दाराशीं आलेल्या परक्या मुलास कमी लेखूं नये. क्लॉन्मेलनें तसें लेखलें नाहीं, म्हणून अवघ्या परगण्याचें कल्याण झालें.