मार्कोनी : तारेविना निरोप, कुलपाविना दार

वायफायला पासवर्ड लागतो, मोबाईलला सिमकार्ड. ही कुलपे का लागली, हे गुग्लिएल्मो मार्कोनीच्या चरित्रातून उमगते.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या येथे झाला. वडील इटालियन जमीनदार, आई आयरिश. हर्ट्झने सिद्ध केलेल्या विद्युतचुंबकीय लहरींवरून निरोप धाडता येईल, या एका विचाराने त्याला झपाटले. १८९६ मध्ये तो इंग्लंडला गेला, तेथे पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये कंपनी काढली. तो जेवढा संशोधक, तेवढाच व्यापारी होता. १२ डिसेंबर १९०१ रोजी कॉर्नवॉलमधील पोल्धू केंद्रातून निघालेली तीन टिंबांची खूण आपण न्यूफाउंडलंडमध्ये ऐकली, असे त्याने जाहीर केले. अटलांटिक ओलांडला गेला होता.

पण गिऱ्हाईक विचारी, निरोप गुप्त राहील काय? १९०० मध्ये मार्कोनीने ७७७७ क्रमांकाचे पेटंट मिळविले होते. दोन्ही टोकांची यंत्रे एकाच लहरलांबीला जुळविली की तिऱ्हाइताला काही ऐकू येणार नाही, असा त्याचा भरवसा होता. जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये फ्लेमिंग प्रात्यक्षिक दाखवीत असताना यंत्रावर मार्कोनीची टर उडविणारा मजकूर उमटू लागला. जादूगार नेव्हिल मॅस्केलिन याने जवळूनच तो धाडला होता, आणि पुढे वृत्तपत्रातून तसे उघड सांगितलेही. जुळवणी म्हणजे कुलूप नव्हे, हे जगाला कळले.

मार्कोनीचे काम थांबले नाही. १९०९ चे नोबेल पारितोषिक त्याला ब्राउनसह मिळाले. १९१२ मध्ये टायटॅनिकवरील सातशेहून अधिक जीव वाचले, ते बिनतारी हाकेमुळेच. १९२७ मध्ये त्याच्या झोत पद्धतीने इंग्लंड व भारत जोडले गेले, तेव्हा आपली केंद्रे खडकी व दौंड येथे होती. उत्तरायुष्यात त्याने मुसोलिनीच्या पक्षाची साथ केली, हा मात्र त्याच्या चरित्रावरील डाग होय. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये त्याचे निधन झाले.

आजही लहर सर्वांच्याच अंगणातून जाते. वायफाय थोड्या अंतरात वेगाने काम करते, पण एकच पासवर्ड दहाजणांत वाटला की त्याची किंमत उणावते. मोबाईलचा मनोरा दूरवर पोहोचतो आणि प्रत्येक सिमची किल्ली वेगळी असते; तरी जुन्या टू-जीची सांकेतिक लिपीही फोडली गेलीच. निरोप दूर पोहोचणे निराळे आणि सुरक्षित पोहोचणे निराळे. मार्कोनीला पहिले साधले. दुसऱ्याचा हिशेब अजून चालूच आहे.