डोंगरीच्या तुरुंगातला हॅम्लेट

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात ज्या घरी इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. करणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरात शेक्सपिअरचे टीपांसह छापलेले एखादे नाटक बहुधा असतेच. पानावर वर चार ओळी नाटकाच्या आणि खाली वीस ओळी टीपांच्या. आईवडिलांना वाटते, हे परीक्षेपुरते ओझे. या भागात माणसे तरी कुठकुठची आली! तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले, भोवती कारखाने उभे राहिले, आणि कऱ्हाडपासून अकोल्यापर्यंतची बिऱ्हाडे बोईसरला येऊन स्थिरावली. त्याच कऱ्हाडात, रत्नागिरीत आणि अकोल्यात एक गरीब मुलगा दीडशे वर्षांपूर्वी शिक्षणासाठी वणवण करीत होता. पुढे त्याने हॅम्लेट मराठीत आणला, आणि तोही तुरुंगात बसून. गोपाळ गणेश आगरकरांना आपण समाजसुधारक म्हणून ओळखतो. त्यांच्या आयुष्यातले हे नाटकाचे प्रकरण मात्र फारसे कोणी सांगत नाही.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. घरची स्थिती इतकी ओढगस्तीची, की शिकायचे तर नातेवाइकांच्या आश्रयाने. कऱ्हाडला कचेरीत उमेदवारी झाली, दवाखान्यात औषधे देण्याचे काम झाले. शिक्षणासाठी रत्नागिरी गाठली ती पायी. अखेर अकोल्याला जाऊन १८७५ साली मॅट्रिक झाले.

अकोल्यात त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनींसारखे शिक्षक लाभले. महाजनी स्वतः शेक्सपिअरचे भक्त. ‘सिंबेलाइन’वरून त्यांनी ‘तारा’ हे नाटक लिहिले, आणखीही दोन नाटके मराठीत आणली. त्याआधी १८६७ मध्ये महादेवशास्त्री कोल्हटकरांनी ‘ऑथेल्लो’चे भाषांतर केले होते. म्हणजे शेक्सपिअर मराठीत आला तो आधी शास्त्री आणि शाळामास्तर यांच्या हातून, नटांच्या हाती तो नंतर गेला. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आगरकरांजवळ एकच सदरा होता, रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, ही हकीकत आपण शाळेतच वाचलेली असते. त्या सदऱ्याच्या मालकाने एम.ए. झाल्यावर मोठ्या पगाराची नोकरी पाहिली नाही. आईला तसे पत्राने कळवून टाकले आणि टिळक-चिपळूणकरांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये जुजबी वेतनावर ते रुजू झाले. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ निघाला, त्याचे संपादकपद त्यांच्याकडे आले.

आणि लगेच कोल्हापूर प्रकरण उभे राहिले. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेड लागले आहे असे सरकारदरबारी सांगितले जात होते. महाराजांचा छळ होतो आहे आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा बोभाटा बाहेर होता. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी तो उचलून धरला. त्यासाठी ज्या पत्रांचा आधार घेतला, ती न्यायालयात बनावट ठरली. बर्व्यांनी केलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात १७ जुलै १८८२ रोजी टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. एकोणीस दिवसांची सूट मिळून २६ ऑक्टोबरला ते सुटले. मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात काढलेल्या या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकच लिहिले. रात्री कोठडीत दोघांचे वाद इतके रंगत, की पहारेकऱ्यांना दटावावे लागे.

याच तुरुंगात हॅम्लेटचे भाषांतर झाले. गोष्ट थोडक्यात अशी. डेन्मार्कचा राजा मरतो, त्याचा भाऊ गादीवर बसतो आणि विधवा राणीशी लग्न करतो. मेलेल्या राजाचे भूत राजपुत्राला सांगते, की माझा खून या भावानेच केला. राजपुत्र वेडाचे सोंग घेतो. पण भुताच्या शब्दावर तो लगेच तलवार उपसत नाही. भूत खोटेही असू शकेल, म्हणून नाटकमंडळींकडून तशाच खुनाचा प्रवेश करवून घेऊन तो काकाचा चेहरा निरखतो.

आता डोंगरीच्या कोठडीकडे पाहा. वेडा ठरवलेल्या एका राजपुत्रासाठी दोन तरुण आत बसले आहेत. हातात आलेला पुरावा त्यांनी खरा मानला, पारखला नाही. आणि त्यातला एक जण, पुरावा पारखल्याशिवाय पाऊल न टाकणाऱ्या राजपुत्राचे नाटक ओळीओळीने मराठीत उतरवतो आहे. ही निवड जाणूनबुजून झाली असे म्हणण्याचा हेतू नाही. पण त्या कोठडीत हे नाटक आगरकरांना नुसत्या पुस्तकासारखे वाटले असेल, हे मला तरी पटत नाही. कोल्हापूरच्या राजपुत्राची अखेरही शोकांतिकेचीच झाली. अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलेले महाराज २५ डिसेंबर १८८३ रोजी गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत गेले. वय अवघे वीस.

त्याच १८८३ साली ‘विकारविलसित’ प्रसिद्ध झाले. नावातच आगरकरांचा दृष्टिकोन आहे. राजाचे किंवा राजपुत्राचे नाव त्यांनी नाटकाला दिले नाही, मनोविकारांचा खेळ असे म्हटले. सोबत लांबलचक प्रस्तावना जोडली. आज ही भाषा जड वाटते, संस्कृत शब्दांनी वाकलेली; हे कबूल केलेच पाहिजे. परंतु ते मुळात मास्तरचे काम होते. इंग्लंडमध्ये हॅम्लेटची टीपांसह विद्यार्थी आवृत्ती १८७२ मध्ये ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन छापखान्यातून निघालेली होती. पुढे आग्रा कॉलेजचे माजी प्राचार्य डायटन यांच्या मॅकमिलनच्या आवृत्त्या आणि केंब्रिजकडून व्हेरिटींच्या आवृत्त्या आल्या. त्यांवर हिंदुस्थानातल्या कॉलेजांच्या पिढ्या पोसल्या. त्या टीपा शब्दाचा अर्थ, व्याकरण, जुन्या चालीरीती सांगत. माणूस असा का वागतो हे मराठी वाचकाने त्याच्या भाषेत स्वतः तपासावे, ही आगरकरांची हौस. पुढे रूढींबद्दलही त्यांनी वाचकांना हेच करायला सांगितले, आणि तिथे मात्र लोक चिडले.

छापील नाटकाला रंगभूमी मिळाली ती शाहूनगरवासी मंडळीमुळे. गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट, म्हणजे मराठी प्रेक्षकांचा चंद्रसेन, आणि बाळाभाऊ जोगांच्या स्त्रीभूमिका यांची कीर्ती महाराष्ट्रभर पसरली. त्याच मंडळीने वासुदेवराव केळकरांची ‘त्राटिका’ केली. तिचे मूळ शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’ या विनोदी नाटकात. देवलांचा ‘झुंझारराव’ १८९० चा, तो ‘ऑथेल्लो’वरून. इंग्रजी न येणाऱ्या प्रेक्षकानेही शेक्सपिअर असा पोटभर पाहिला.

आगरकरांचा मार्ग तोवर निराळा झाला होता. टिळकांशी मतभेद वाढून १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी ‘सुधारक’ काढला. बालविवाह, केशवपन, विधवांचे हाल यांवर ते लिहीत राहिले. पुणेकरांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आपली तिरडी आपल्याच डोळ्यांनी पाहणे हा प्रवेश शेक्सपिअरनेही हॅम्लेटच्या वाट्याला दिलेला नाही!

वामनराव आपटे वारल्यावर १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले होते, तरी शिकवणे आणि लिहिणे चालूच होते. १७ जून १८९५ रोजी ते गेले. चाळिशीही गाठली नव्हती. मागे यशोदाबाई आणि मुले. आपल्या अंत्यविधीसाठी कोणाकडे हात पसरावा लागू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून वेगळे ठेवले होते, असे सांगतात.