बाबासाहेबांची शेवटची झुंज

- खास प्रतिनिधी

दिल्लीतील २६, अलिपूर रोड या बंगल्यात ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री उशिरापर्यंत दिवा जळत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकाची टंकलिखित पाने पलंगाजवळ आणून ठेवण्यास सांगितले होते. त्यांचे स्वीय सहायक नानकचंद रत्तू यांनी त्यांचे पाय चेपून दिले, पाने हाताशी ठेवली आणि ते सायकलवरून घरी परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नी डॉ. सविता नेहमीप्रमाणे बागेत फेरफटका मारून पतीला उठवण्यासाठी खोलीत गेल्या, तेव्हा बाबासाहेबांचे झोपेतच निधन झाल्याचे त्यांना आढळले. बाबासाहेबांचे वय होते अवघे ६५ वर्षे.

बाबासाहेबांच्या जीवनाची ओळख महाराष्ट्राला करून द्यावी लागत नाही. महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, पुणे करार, येवल्याची घोषणा, राज्यघटना आणि नागपूरची दीक्षाभूमी ही त्या जीवनाची ठळक स्थानके शाळकरी मुलांनाही पाठ असतात. या सार्वजनिक चरित्राच्या आड मात्र त्यांची आणखी एक लढाई चालू होती. अखेरची आठ-नऊ वर्षे मधुमेह, रक्तदाब आणि नसांच्या विकाराने जर्जर झालेल्या शरीराशी ते झुंजत होते. देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली असताना ही लढाई समजून घेण्यासारखी आहे.

हलाखीत घडलेले शरीर

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव हे सुभेदार रामजी सकपाळ आणि भीमाबाई यांचे चौदावे अपत्य. आईचे छत्र बालपणीच हरपले. मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमधून ते १९०७ साली मॅट्रिक झाले, १९१२ साली बी. ए. झाले आणि बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. लंडनमधील दुसऱ्या वास्तव्यात, म्हणजे १९२० ते १९२३ या काळात, त्यांनी अक्षरशः अर्धपोटी राहून अभ्यास केला. सकाळचा जेमतेम नाश्ता, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयातील बैठक आणि रात्री भूक भागवण्यासाठी भाजलेले पापड, असा तो दिनक्रम होता. त्यातून डी. एस्सी. आणि बॅरिस्टर या पदव्या मिळाल्या, पण प्रकृतीची हेळसांडही अंगवळणी पडली.

मायदेशी परतल्यावर विश्रांती हा शब्द त्यांच्या दिनचर्येत उरला नाही. दिवसा सभा, कोर्ट, कॉलेज आणि रात्री वाचन. पुस्तकांसाठी त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले. त्याच घरात २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन झाले. त्यानंतर जेवणाखाण्याकडे आणि औषधपाण्याकडे लक्ष देणारे घरचे माणूस जवळ राहिले नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी काम पाहिले. कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखणारा प्रा. अडारकर यांचा अहवाल याच काळात, १९४४ साली तयार झाला आणि त्यातून पुढे कर्मचारी राज्य विमा योजना उभी राहिली. आजारी कामगाराची रोजी बुडू नये म्हणून झटणाऱ्या या मंत्र्याला स्वतःच्या आजारपणासाठी मात्र सवड नव्हती.

घटना लिहिताना

२९ ऑगस्ट १९४७ रोजी घटना समितीने मसुदा समिती नेमली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. नेमक्या याच सुमारास दुखण्याने उचल खाल्ली. पायांत असह्य वेदना होत, रात्रीमागून रात्री झोपेविना जात. मुंबईचे डॉ. मालवणकर त्यांच्यावर उपचार करत होते. मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि न्यूरायटिस, म्हणजे नसांचा दाह, हे तिन्ही विकार एकत्र आले होते. त्यांच्याकडे सतत लक्ष देणारे कोणीतरी घरात असायला हवे, असे डॉक्टरांचे मत पडले. या उपचारांच्या काळातच डॉ. शारदा कबीर यांच्याशी परिचय वाढला आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीतील हार्डिंग अव्हेन्यूवरील निवासस्थानी दोघांचा नोंदणी विवाह झाला. शारदाबाई सविता आंबेडकर झाल्या. पथ्याचा स्वयंपाक, औषधांच्या वेळा, इंजेक्शने ही सारी जबाबदारी त्यांनी आपल्याकडे घेतली.

त्यानंतरची दीड-दोन वर्षे बाबासाहेबांच्या आयुष्यातील सर्वांत कष्टाची ठरली. मसुद्यावर साडेसात हजारांहून अधिक दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतील २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. दुखऱ्या पायांवर उभे राहून बाबासाहेब आक्षेपांना उत्तरे देत होते. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना मंजूर झाली. पाठोपाठ हिंदू कोड बिलाचा संघर्ष उभा राहिला. ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून प्रकृतीची चिंता कळवली आणि डॉक्टरांच्या स्वाधीन होण्यापूर्वी हे विधेयक मार्गी लागावे, अशी इच्छा व्यक्त केली. ते लागले नाही आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

त्यानंतर १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईतून आणि १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पराभव पदरी आला. १९५४ साली जून ते ऑक्टोबर असे अनेक महिने ते अंथरुणाला खिळून होते. दृष्टी अधू झाली होती, चालताना काठीचा किंवा कुणाच्या खांद्याचा आधार लागत होता. तरीही त्याच वर्षाच्या अखेरीस ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि २५ डिसेंबरला देहू रोड येथे बुद्धमूर्तीच्या स्थापनेला उपस्थित राहिले.

जे तेव्हा उपलब्ध नव्हते

बाबासाहेबांना त्या काळातील चांगले उपचार मिळाले, यात शंका नाही. परंतु तो काळच अपुरा होता. इन्सुलिनचा शोध १९२१ साली लागला होता, पण घरच्या घरी रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र नव्हते. लघवी बेनेडिक्ट द्रावणात उकळून रंग पाहायचा, एवढीच सोय होती. तीन महिन्यांतील साखरेचा सरासरी अंदाज देणारी 'एचबीए-वन-सी' चाचणी दोन दशके दूर होती. रक्तदाबावर परिणामकारक औषधे नुकती कुठे हाती येत होती. सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडणारा मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचा शोधनिबंध १९४९ सालचा. ईसीजी काढला जात असे, पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी १९५८ मध्ये सुरू झाली, बायपास शस्त्रक्रिया साठच्या दशकात, तर अँजिओप्लास्टी १९७७ मध्ये. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन औषधे तर १९८७ नंतरची.

त्याहून मोठी उणीव ज्ञानाची होती. मधुमेह म्हणजे साखरेचा आजार, अशीच समजूत रूढ होती. बाबासाहेबांचा विवाह झाला त्याच वर्षी, १९४८ साली, अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावात हजारो रहिवाशांची वर्षानुवर्षे तपासणी करण्याचा प्रकल्प सुरू झाला. मधुमेहींना हृदयविकाराचा धोका इतरांच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असतो आणि स्त्रियांना एरवी मिळणारे नैसर्गिक संरक्षणही मधुमेहात बरेचसे नाहीसे होते, हे त्यातून सत्तरच्या दशकात स्पष्ट झाले. १९९८ साली फिनलंडमधील एका अभ्यासाने आणखी धक्का दिला. पूर्वी कधीही हृदयविकाराचा झटका न आलेल्या मधुमेहींना असलेला धोका, एकदा झटका येऊन गेलेल्या पण मधुमेह नसलेल्या रुग्णांइतकाच असल्याचे त्यात दिसले. हे समीकरण प्रत्येक मधुमेहीला लागू पडत नाही, असे पुढील अभ्यासांनी दाखवले. परंतु मधुमेहीच्या हृदयाकडे पाहण्याची वैद्यकाची दृष्टी तेव्हापासून बदलली.

मूक आघात

मधुमेहात हृदयविकार अनेकदा आवाज न करता येतो. दीर्घकाळ वाढलेली साखर नसांना इजा करते. पायांच्या नसा दुखावल्या की आग होते, मुंग्या येतात, झोप उडते. हृदयाकडे जाणाऱ्या नसा बधिर झाल्या तर उलटे घडते. छातीत जी कळ यायला हवी ती येतच नाही. धाप लागणे, अकारण थकवा, घाम, मळमळ, अपचनासारखी अस्वस्थता एवढेच काय ते जाणवते आणि पुष्कळदा तेही नाही.

बाबासाहेबांच्या निधनानंतर जे घडले, ते या पार्श्वभूमीवर आठवावे लागते. आपला उद्धारकर्ता असा अचानक, काही न सांगता गेला, हे लाखो अनुयायांना पटेना. शवविच्छेदन झाले नव्हते. संशयाची सुई डॉक्टर असलेल्या पत्नीकडे वळली. केंद्र सरकारने चौकशी केली आणि मृत्यू नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष काढला. तरीही २००३ साली निधन होईपर्यंत सविता आंबेडकर यांची त्या संशयातून पूर्ण सुटका झाली नाही. खुद्द बाबासाहेबांनी मार्च १९५६ मध्ये आपल्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत आजारपणातही आपण हे काम पुरे करू शकलो याचे श्रेय पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिले होते. १९५७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती.

एवढ्या वर्षांनंतर त्या रात्रीचे वैद्यकीय कारण ठरवणे कुणालाही शक्य नाही. मात्र दीर्घकाळचा मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या साठीपलीकडच्या रुग्णाला झोपेत मृत्यू यावा, यात आजच्या डॉक्टरला गूढ असे काही वाटणार नाही. हे ज्ञान तेव्हा सर्वसामान्यांपर्यंत पोहोचलेले असते, तर एका स्त्रीच्या वाट्याला आलेले वनवासाचे भोग कदाचित टळले असते.

आजच्या मधुमेहीसाठी

'आयसीएमआर'च्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो, हे २००४ सालच्या 'इंटरहार्ट' या आंतरराष्ट्रीय अभ्यासातून पुढे आले आहे.

म्हणून प्रत्येक मधुमेहीने थेट ट्रेडमिलवर चढावे किंवा अँजिओग्राफीसाठी रांग लावावी का? अनेक तपासणी पॅकेजांच्या जाहिराती तसे सुचवतात. शास्त्रीय पुरावा मात्र तसे सांगत नाही. कोणतीही लक्षणे नसलेल्या १,१२३ मधुमेहींवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्यांची हृदयाची विशेष स्कॅन तपासणी करण्यात आली. सुमारे पाच वर्षांनंतर हृदयविकाराचे झटके व हृदयविकाराने झालेले मृत्यू यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच, तीन टक्क्यांच्या आसपास होते. लक्षणे नसताना सरसकट अशा चाचण्या करून फायदा होत नाही, हे त्यातून दिसले. धाप, छातीत दडपण, चालताना पोटऱ्यांत गोळे किंवा ईसीजीमध्ये दोष असेल, तर मात्र पुढील तपासण्या टाळू नयेत.

खरी चाळणी साध्या गोष्टींची आहे. प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजून घ्यावा; तो साधारणपणे १३०/८० च्या खाली असावा. वर्षातून किमान दोनदा एचबीए-वन-सी करावी. बहुतेकांसाठी ती ७ टक्क्यांच्या आत असणे हितावह असते. वर्षातून एकदा कोलेस्टेरॉल, क्रिअ‍ॅटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन यांची तपासणी करावी. लघवीतून प्रथिने जाणे ही मूत्रपिंडाइतकीच हृदयासाठीही धोक्याची सूचना असते. डोळ्यांचा पडदा आणि पायांच्या संवेदना दरवर्षी तपासाव्यात. हृदयाचे पंपिंग मंदावण्याची आगाऊ सूचना देणारी 'एनटी-प्रोबीएनपी' ही रक्तचाचणीही अलीकडे सुचवली जाते. चाळिशी ओलांडलेल्या बहुतेक मधुमेहींना स्टॅटिन दिले जाते. अलीकडच्या काही औषधांनी साखरेबरोबरच हृदयालाही संरक्षण मिळते, असे सिद्ध झाले आहे. ती कुणाला द्यायची, हे डॉक्टरांनी ठरवायचे. तंबाखू आणि विडी-सिगारेट सोडणे व रोज अर्धा तास चालणे, यांना मात्र कुणाच्या चिठ्ठीची गरज नाही.

अपुरे राहिलेले काम

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंच्या साक्षीने दीक्षा घेताना बाबासाहेबांच्या हातात काठी होती. नोव्हेंबरमध्ये काठमांडूची परिषद आटोपून, काशी आणि कुशीनगर पाहून ते ३० तारखेला थकलेल्या अवस्थेत दिल्लीत परतले. ४ डिसेंबरला राज्यसभेत जाऊन आले. १६ डिसेंबरला मुंबईत दीक्षेचा मोठा सोहळा करण्याचे घाटत होते. प्रत्यक्षात ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर त्यांच्या चितेच्या साक्षीनेच हजारो अनुयायांनी बौद्ध धम्माचा स्वीकार केला.

दरवर्षी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर जनसागर उसळतो. चैत्यभूमीच्या रांगेत तासन् तास उभे राहणाऱ्यांत साखरेच्या गोळ्या खिशात ठेवून आलेले अनेक जण असतात आणि आपल्याला मधुमेह आहे हे अजून ठाऊकच नसलेलेही असतात. परिसरात महापालिकेचे वैद्यकीय कक्ष असतात. पुस्तकांच्या स्टॉलवरून निघताना पाच मिनिटे तिथे थांबून दंडाला पट्टा बांधून घ्यावा आणि साखर तपासून मिळत असेल तर तीही तपासून घ्यावी. बाबासाहेबांच्या काळात विज्ञान त्यांच्या मदतीला पुरेसे पोहोचले नव्हते. आज ते कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत आले आहे. तेवढी चार पावले आपण चालायची आहेत.