वसतिगृहाचा शिधा आणि कर्मवीर

दिल्लीतील पहाडगंज असो वा साताऱ्याजवळचे एखादे खेडे, सरकारी आणि अनुदानित शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना आज दुपारचे भोजन विनामूल्य मिळते. केंद्र सरकारच्या या योजनेचा प्रारंभ १९९५ मध्ये झाला. त्यापूर्वी सुमारे पाऊणशे वर्षे, जेवणखर्चाअभावी शाळा सुटणाऱ्या ग्रामीण मुलांचा प्रश्न कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हाती घेतला होता.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्यता पाळण्यास नकार दिल्याने त्यांना जैन वसतिगृह सोडावे लागले. पुढे त्यांना राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभला. डोक्यावरचे छप्पर आणि ताटातील अन्न हिरावले गेले की शिक्षणाचे काय होते, हे त्यांनी असे स्वतः अनुभवले होते.

१९१९ मध्ये कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सर्व जातींची मुले तेथे एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

नावलौकिक झाला, तरी कोठीतील धान्याची चिंता मिटली नाही. खेड्यातून आलेल्या बहुतेक मुलांच्या पालकांना खाणावळीचा खर्च पेलणारा नव्हता. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने एकेक करून याच कामी गेले. एकदा भाऊराव निधीसाठी परगावी असताना कोठी रिकामी झाली, तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र काढून दिले आणि मुलांच्या जेवणाची सोय केली. संस्थेच्या पायाभरणीत त्यांचा वाटा भाऊरावांपेक्षा उणा मानता येणार नाही. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

अमेरिकेतील अनेक शाळांत भोजनाची थकबाकी आजही विद्यार्थ्याच्या खात्यावर मांडली जाते. भाऊरावांनी हा भार समाजावर आणि श्रमावर विभागला. गावोगावच्या घरांतून मूठमूठ धान्य गोळा करणारा मुष्टिफंड त्यांनी उभारला. मुले स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि त्यातून आपला खर्च काही अंशी भागवीत. ही शिस्त कोवळ्या वयाला कठोरच होती. पण फुकट अन्न खाल्ल्याचा सल तिने मुलांच्या मनात राहू दिला नाही.

गांधीजींच्या हत्येनंतर उद्भवलेल्या वादातून मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. त्या वेळी संत गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे रदबदली केली आणि अनुदान पूर्ववत झाले. दरम्यान, १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले होते. १९५४ मध्ये कऱ्हाड येथील महाविद्यालयाला गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले.

१९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण किताब जाहीर झाला. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले.