राजपुत्र लिओपोल्ड

इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा कनिष्ठ पुत्र लिओपोल्ड १८५३ साली जन्मला. त्यास हिमोफिलिया हा जन्मजात विकार होता. त्यात रक्त नीट गोठत नाही, म्हणून लहानसा आघातही जिवावर बेतू शकतो. हा दोष बहुधा मातेकडून नकळत पुत्रास येतो. तो कोणाच्या पापाचे फळ नव्हे. राणी त्यास मायेने आपल्याजवळच ठेवू पाही. तरी आग्रह धरून तो १८७२ साली ऑक्सफर्डास विद्येकरिता गेला, पुढे राणीस राजकारणाच्या लेखनकामी साहाय्य करू लागला, व १८८२ साली त्याने विवाह केला. १८८४ च्या मार्चात फ्रान्सातील कान येथे तो पडला व दुसऱ्याच दिवशी निवर्तला; वय अवघे ३० वर्षांचे. वाचकहो, घरच्या दुखणाइतास जपावे, परंतु कोंडून ठेवू नये.