घाटात रूळ घालणारे बर्कले साहेब

आपल्या निमगाव सावाला आगगाडी येत नाही. मुंबईला जायचं तर एस.टी.ने. पण गेल्या दिवाळीत मी मामांबरोबर मुंबईहून पुण्यापर्यंत आगगाडीने आलो. कर्जतला गाडीच्या मागे आणखी इंजिने जोडली. बोरघाटाचा चढ एका इंजिनाला झेपत नाही, असं मामांनी सांगितलं. मग ही वाट आखली कुणी? गुरुजींना विचारून ती माहिती येथे देत आहे.

जेम्स बर्कले यांचा जन्म १८१९ साली लंडन येथे झाला. 'रॉकेट' नावाचे वाफेचे इंजिन करणारे आणि मोठे लोखंडी पूल बांधणारे रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली ते तयार झाले. १८५० साली ते रेल्वेचे मुख्य इंजिनिअर म्हणून मुंबईस आले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. पुढच्याच वर्षी ठाण्याच्या खाडीवर पूल होऊन गाडी कल्याणला गेली.

खरी परीक्षा पुढे होती. बोरघाटात सुमारे २५ किलोमीटरात १८३१ फूट चढायचे होते. तोवर घाटाखाली उतरलेली माणसे पालखीतून नाहीतर तट्टावरून वर जात. बर्कले साहेबांनी कडा पुन्हा पुन्हा मोजला. शेवटी ३७ फूट पुढे गेले की १ फूट वर, याहून जास्त चढ कुठेच ठेवला नाही. आम्ही शाळेच्या पटांगणात ३७ फूट दोरी धरून पाहिली, एवढासाच चढ वाटला! पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते ना. एके ठिकाणी तर वळायलाही जागा नव्हती. तिथे गाडी थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट दिशेने वर चढे. ही युक्ती १९२९ पर्यंत चालली.

२५ बोगदे आणि ८ मोठे पूल झाले. एका वेळी ४० हजारांवर मजूर राबत होते. कित्येक पटकीने गेले, कित्येक सुरुंगात व कड्यावरून पडून दगावले. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत. मला हे वाचून फार वाईट वाटलं.

बर्कले साहेबांचीही प्रकृती ढासळली. ते विलायतेस परतले आणि ऑगस्ट १८६२ मध्ये, ४२ व्या वर्षी वारले. घाटातून गाडी सुरू झाली ती १८६३ साली.