दादोबा पांडुरंग आणि तर्खडकर घराणे

वसईजवळच्या तर्खड गावावरून ज्याला आडनाव मिळाले, त्या तर्खडकर घराण्यातील तीन बंधू एकोणिसाव्या शतकातील मुंबईत नावारूपास आले. त्यांपैकी थोरले दादोबा (१८१४–१८८२) मराठी वाचकाला आडनावापेक्षा वडिलांच्या नावानेच अधिक परिचित आहेत. त्या काळी तशी रीत होतीच. तथापि नाव कोठे द्यावे आणि कोठे झाकावे, हा प्रश्न या बंधूंपुढे वारंवार उभा राहिला.

वयाच्या बाविसाव्या वर्षी, १८३६ मध्ये, दादोबांनी मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. संस्कृत व इंग्रजी व्याकरणांची चौकट त्यांनी आधाराला घेतली. ती मराठीला काही ठिकाणी अपुरी पडते, आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी या व्याकरणावर सविस्तर टीकाही केली. ती वाचताना विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की असा वाद मराठीतून घालता यावा इतकी परिभाषा रुळवण्यात दादोबांचा मोठा वाटा आहे. त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात, ही उपमा मला फारशी नेमकी वाटत नाही. पाणिनीच्या पाठीशी पूर्वसूरींची परंपरा होती. मराठीतून मराठीचे व्याकरण लिहिणाऱ्या दादोबांच्या पाठीशी ती जवळजवळ नव्हतीच.

धाकटे बंधू भास्कर यांनी १८४१ मध्ये इंग्रजी राज्यातील आर्थिक शोषणावर वृत्तपत्रातून कठोर पत्रे लिहिली, ती ‘एक हिंदू’ या सहीने. दादोबांनीही धर्मविषयक लेखनासाठी ‘एक जगद्वासी आर्य’ हे नाव धारण केले. सुरतेस असताना १८४४ मध्ये त्यांनी दुर्गाराम मंछाराम यांच्यासमवेत मानवधर्म सभा काढली. तिच्याच विचारांतून पुढे मुंबईत परमहंस सभा उभी राहिली. जातिभेद न मानणाऱ्या या सभेत सभासद एकत्र भोजन करीत, पण नावे गुप्त ठेवीत. बहिष्काराचे भय खरेच होते. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीस गेली, नावे फुटण्याची धास्ती पसरली आणि सभा मोडली.

१८६५ मध्ये मोरोपंतांच्या ‘केकावली’वर दादोबांनी लिहिलेली टीका प्रसिद्ध झाली. तिला त्यांनी आईवडिलांची नावे गुंफून ‘यशोदापांडुरंगी’ असे नाव दिले. दोनच वर्षांनी तिसरे बंधू डॉ. आत्माराम यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज स्थापन झाला, तो मात्र उघडपणे. गिरगावातील त्याच्या मंदिरावरून तो परिसरच आज ‘प्रार्थना समाज’ म्हणून ओळखला जातो.

दादोबांचे अपूर्ण आत्मचरित्र अ. का. प्रियोळकर यांनी संपादून १९४७ मध्ये प्रकाशात आणले. परमहंस सभेच्या काळापर्यंत ते पोहोचत नाही.